दोन सेकंदांची परीक्षा

स्काउट म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो गळ्यात रुमाल बांधलेला, खाकी चड्डीतला बालवीर. रोज एक सत्कृत्य करण्याची शपथ घेतलेला. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर भेटणारा स्काउट हा अगदी निराळा प्राणी. वय बहुधा साठीकडे झुकलेले, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, खिशात स्टॉपवॉच, मांडीवर वही, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघण्यापूर्वी मुलाच्या मामाच्या चेहऱ्यावर असतो तो भाव. सत्कृत्य वगैरे तो करीत नाही. तो पाहतो आणि लिहून घेतो.

त्याचा धंदाच मुळी स्थळे पाहण्याचा. व्यावसायिक क्लब त्याला पगार देतो, आणि तो गावोगावच्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर हिंडून सतरा ते बावीस वर्षांची पोरे हेरतो. १९६५ सालापासून इथे दरवर्षी एक स्वयंवर भरते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. स्वयंवर म्हटले खरे, पण माळ पोराच्या हातात नसते, क्लबांच्या हातात असते. तीस क्लब पाळीपाळीने एकेक नाव पुकारतात. सध्या अशा वीस फेऱ्या होतात; म्हणजे सहाशेच्या आसपास पोरांची नावे निघतात. ज्या क्लबाने नाव घेतले त्याच्याशीच बोलणी करायची. पटले नाही आणि शिक्षण शिल्लक असले तर पोराने मुकाट्याने कॉलेजात परत जावे. शेजारच्या क्लबाचा उंबरठा त्याला त्या वर्षी ओलांडता येत नाही. आणि नाव निघाले म्हणजे गंगेत घोडे न्हाले असेही नव्हे. पुढे मायनर लीग नावाची लांबलचक उमेदवारी असते, रात्र रात्र बसचे प्रवास असतात, आणि त्यातून वर मेजर लीगपर्यंत पोचणारे थोडेच.

हे सगळे मला ठाऊक असण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. मी दादरचा. १९७४ साली इकडे शिकायला आलो, बोस्टनजवळ इंजिनिअरची चाकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर आम्ही दोघे केप कॉडला येऊन राहिलो. मॅसॅच्युसेट्सच्या नकाशावर समुद्रात कोपरापासून दुमडलेला एक हात दिसतो, तोच हा केप कॉड. इथे जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत कॉलेजातल्या निवडक खेळाडूंचे सामने चालतात. दहा गावांचे दहा संघ. तिकीट नाही, घरून घडीची खुर्ची न्यावी, मध्येच कुणी टोपी फिरवली तर तीत दोन-चार डॉलर टाकावेत. कॉलेजात ही पोरे धातूच्या बॅटने खेळतात. इथे मात्र १९८५ पासून लाकडी बॅट आहे, आणि व्यावसायिक खेळातही लाकडीच असते. धातूच्या बॅटच्या मुठीजवळ चेंडू लागला तरी तो कुठेतरी जाऊन पडतो. लाकडीच्या लागला तर बॅट मोडते, नाहीतर हाताला मुंग्या येतात. तेव्हा कोण खरा फलंदाज ते इथे कळते, आणि म्हणून गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे स्काउट इथे लागलेले असतात.

पोरे राहतात ती गावातल्याच कुटुंबांतून. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या संघाच्या एक बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलाची खोली रिकामीच आहे ना?" तशी ती रिकामीच होती. आठ दिवसांनी तीत आयोवाच्या मक्याच्या मुलखातला एक वीस वर्षांचा, सहा फूट एक इंचाचा पोरगा येऊन उतरला. त्याचे नाव हिच्या जिभेवर काही केल्या बसेना, म्हणून हिने त्याला बाळू करून टाकले. तो मला 'सर' म्हणे आणि हिला, शिकवल्याप्रमाणे, 'काकू' म्हणे. 'कू'वर इतका जोर देऊन, की शेजारची कुत्री कान टवकारीत.

बाळू कॅचर होता.

कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाचा मावसभाऊ, पण गरीब मावशीचा. यष्टिरक्षकाला चेंडू टप्पा पडून येतो, वेगवान गोलंदाजाला तो दहा-पंधरा पावले मागेही उभा राहू शकतो. कॅचरला ती चैन नाही. पिचर साठ फूट सहा इंचांवरून ताशी नव्वद मैलांच्या वेगाने चेंडू फेकतो, हा उकिडवा बसून तो झेलतो, आणि दोघांच्या मध्ये एक धटिंगण नाकासमोर बॅट फिरवीत असतो. एका सामन्यात शंभराहून कितीतरी अधिक वेळा हे उठणे-बसणे. छातीला चिलखत, नडग्यांना ढाली, तोंडाला जाळी. या सगळ्या सरंजामाला बेसबॉलच्या बोलीत 'अज्ञानाची हत्यारे' म्हणतात. हे नाव मडी रूएल नावाच्या एका जुन्या कॅचरने दिले असे सांगतात, आणि गंमत म्हणजे तो स्वतः शिकलेला वकील होता. नऊ जणांत हा एकटाच मैदानाकडे तोंड करून बसलेला असतो. कोणता चेंडू टाकायचा याची खूण पिचरला करायची, पळणाऱ्यांवर नजर ठेवायची, जमिनीवर आपटलेला चेंडू छातीने अडवायचा. हे सगळे त्याच्याकडे.

मी स्वतः शाळेत आणि पुढे ऑफिसच्या संघात यष्टीमागे उभा राहिलेला. आमच्या लहानपणी दादरकडे त्या जागेचा आदर्श एकच, नरेन ताम्हाणे. २१ कसोट्यांत ३५ झेल आणि १६ यष्टिचीत. त्यांच्या सफाईच्या गोष्टी सांगताना वडीलधाऱ्यांचे हातसुद्धा हवेत बेल्स उडवीत. त्या जुन्या सवयीने मी इथेही नेमका होम प्लेटच्या मागे, जाळीजवळ खुर्ची टाकून बसे. स्काउटांची जागाही तीच. अशी माझी नानांशी ओळख झाली.

नाना हे अर्थात मी मनात ठेवलेले नाव. एका क्लबाचे ते जुने स्काउट. तरुणपणी मायनर लीगमध्ये स्वतः कॅचर होते, वर पोचले नाहीत. उजव्या हाताची दोन बोटे कुठल्या काळी मोडून वाकडी बसलेली. पहिले तीन सामने आम्ही नुसती मान डोलावली. चौथ्या सामन्यात त्यांनी खिशातून दुसरे स्टॉपवॉच काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "बसलाच आहात तर काम करा."

काम असे. पहिल्या बेसवरचा गडी दुसरा बेस चोरायला पळाला की पिचरचा चेंडू कॅचरच्या मिटमध्ये 'थप्' करून पडतो, त्या क्षणी घड्याळ सुरू करायचे. कॅचर उठतो, चेंडू उजव्या हातात घेतो, फेकतो. दुसऱ्या बेसवरच्या गड्याच्या हातमोज्यात तो पडला की घड्याळ बंद. अंतर १२७ फूट ३ इंच आणि वर थोडे. या वेळाला 'पॉप टाइम' म्हणतात. मेजर लीगमधल्या कॅचरची सरासरी दोन सेकंदांच्या आसपास. आता हिशेब पाहा. चांगला पळणारा पहिल्या बेसपासून थोडा पुढे सरकून उभा असतो. त्याला दुसऱ्या बेसवर पोचायला तीन पूर्णांक तीन-चार दशांश सेकंद लागतात. पिचरचा हात हलल्यापासून चेंडू कॅचरकडे यायला एक पूर्णांक तीन दशांश जातात. उरले दोन सेकंद. एक पूर्णांक नऊ दशांशाचा कॅचर गडी बाद करतो, दोन पूर्णांक एक दशांशाचा कॅचर धुरळ्याकडे पाहत राहतो. पहिल्या दिवशी नानांच्या आणि माझ्या आकड्यांत एक दशांशाचा फरक पडत होता. आणि एक दशांश म्हणजे या धंद्यात पोराचे उभे आयुष्य.

डावांच्या मध्यंतरात कॅचर दुसऱ्या बेसकडे एक सरावाचा चेंडू फेकतो. बाळूचा तो आकडा एक पूर्णांक त्र्याण्णव येई. मी खूश होऊन नानांकडे पाही. ते म्हणत, "हा जत्रेतला फोटो आहे. गडी पळत असताना किती ते बोला." गडी पळत असताना एक अठ्ठ्याण्णव ते दोन शून्य चार.

स्काउट गुण देतात ते वीस ते ऐंशीच्या मापाने. मेजर लीगच्या सरासरी खेळाडूला पन्नास. पस्तिसाला पास होणाऱ्या मुलखातून आलेल्या माझ्यासारख्याला हे माप गैरसोयीचे. पन्नास म्हणजे काही वाईट नव्हे असे वाटते. तसे ते वाईट नाहीच, पण वीस वर्षांच्या पोराला पन्नास मिळाले तर ते त्याच्या जगातले फार मोठे गुण. बाळूच्या हाताला नानांनी पन्नास दिले, फलंदाजीला चाळीस. पळण्याचे विचारल्यावर ते नुसते हसले. कीर्तनकाराच्या पोटाबद्दल जसे कोणी बोलत नाही, तसे कॅचरच्या पळण्याबद्दल कोणी बोलत नाही.

घड्याळाने माणूस कळत नाही, त्याला अनुभवी नजरच हवी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते तितकेसे पटत नाही. जुन्या स्काउटांच्या बोलीत 'चेहरा चांगला आहे' अशी एक शिफारस असे. म्हणजे काय, तर हा मोठा खेळाडू होणार हे त्याच्या तोंडावरच दिसते! आपल्याकडच्या 'नाकीडोळी नीटस'चीच ही बहीण. ज्या पोरांचे चेहरे चांगले नव्हते त्यांचे काय झाले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. घड्याळाला निदान चेहरा दिसत नाही. आणि त्या वर्षी तर घड्याळाचा भाव वधारलाही होता. २०२३ पासून मेजर लीगमध्ये बेस पंधरा इंचांचे अठरा इंच झाले, पिचरने गड्याला धाक घालायला किती वेळा थांबावे यावर बंधन आले, आणि चोरलेल्या बेसांची संख्या २०२२ सालच्या २,४८६ वरून एका मोसमात ३,५०३ वर गेली. तेव्हा त्या उन्हाळ्यात सगळ्या स्काउटांचे अंगठे स्टॉपवॉचच्या बटणावरच होते.

पण कॅचरच्या बाबतीत घड्याळ संपते कुठे, हे मला नानांनीच दाखवले. एकदा आमच्या पिचरने लागोपाठ चार चेंडू वाह्यात टाकले. नाना म्हणाले, "आता कॅचरकडे पाहू नका. पिचर कुणाकडे पाहतो ते पाहा." पिचरने आधी आकाशाकडे पाहिले, मग बुटांकडे, मग बाळूकडे. बाळू उठला, सावकाश चालत गेला, काहीतरी बोलला. पिचर हसला. रात्री जेवताना मी विचारले, "त्याला काय सांगितलंस रे?" तो म्हणाला, "सांगितलं, काकूंनी आज कोंबडी केली आहे. लवकर आटप."

नानांच्या वहीत याला गुण किती, मला ठाऊक नाही.

हा धंदा किती बेभरवशाचा आहे ते कॅचरांच्याच इतिहासात पाहावे. १९६६ च्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव पुकारण्याचा मान न्यूयॉर्कच्या मेट्स क्लबाचा होता. त्यांनी स्टीव्ह चिल्कॉट नावाचा शाळकरी कॅचर निवडला. दुसरे नाव निघाले रेजी जॅक्सनचे. जॅक्सन पुढे बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसला. चिल्कॉटचा खांदा दुसऱ्याच वर्षी बेसकडे परतताना सूर मारून दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. उलट बाजूला माइक पियाझा. १९८८ साली त्याचे नाव निघाले ते बासष्टाव्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर. आणि तेही त्याच्या वडिलांची डॉजर्सच्या व्यवस्थापकांशी, टॉमी लासोर्डांशी दोस्ती होती म्हणून. तोवर तो कॅचर नव्हताच. कॅचरचे काम तो नंतर शिकला. त्याने ४२७ होमरन मारले, त्यांतले ३९६ कॅचर म्हणून, आणि २०१६ मध्ये तोही कीर्तिमंदिरात गेला. आज फेऱ्या आहेत वीस. बासष्टाव्या फेरीतला पियाझा आज घरीच बसला असता.

आणि सगळ्यांत नामी गोष्ट ब्रँच रिकी यांची. २८ जून १९०७ रोजी ते न्यूयॉर्कच्या संघात कॅचर होते, हात दुखत होता, आणि वॉशिंग्टनच्या गड्यांनी त्या एका सामन्यात त्यांच्यासमोरून तेरा बेस चोरले. एखादा त्या दिवशी मैदान सोडून परागंदा झाला असता. हेच रिकी पुढे माणसे पारखण्यात या खेळातले अग्रगण्य गणले गेले. १९४५ साली जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून त्यांनी मेजर लीगमधल्या वर्णभेदाची भिंत फोडली. नानांना मी म्हटले, आमच्याकडेही असेच. १९८९ साली सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला पाकिस्तानच्या दौऱ्यावर धाडणाऱ्या निवड समितीत आमचे ताम्हाणे होते. यष्टीमागून जग उलटे दिसते, म्हणून जरा नीट दिसत असावे. नानांनी 'तेंडुलकर' हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला.

जुलैच्या मध्यावर हिच्या ध्यानात आले की फ्रीजरमधल्या मटारच्या पिशवीचा दगड झाला आहे. सुटे मटार एकदा विरघळून पुन्हा गोठले की त्यांचा असा गोळा होतो. वीज गेलेली नव्हती. हिने माझ्यावर संशय घेतला, तो मी सप्रमाण फेटाळला. त्या रात्री एकच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तो स्वयंपाकघरात अंधारात बाळू बसलेला; डावा हात मटारच्या पिशवीत. दिवा लावला. अंगठा मुळाशी वांग्यासारखा सुजून जांभळा झाला होता. मिटमध्ये खालून येणारा चेंडू वाकडा बसला की तो अंगठा मागे वळवतो; असा तो दोनदा वळला होता.

"प्रशिक्षकांना सांगितलंस?"

"नाही, सर. दोन आठवडे. फक्त दोन आठवडे कुणाला सांगू नका."

दोन आठवडे का, ते मलाही कळत होते. जुलैच्या शेवटी निवडक खेळाडूंचा सामना होतो, आणि त्या दिवसांत स्काउटांची गर्दी सर्वांत दाट. मी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. ही उठून आली, तिने काही न विचारता हळद गरम करून लेप घातला, आणि आयोवाच्या पोराच्या पांढऱ्या चादरीवर दुसऱ्या दिवशी पिवळे नकाशे उमटले.

याच आठवड्यात एका सकाळी नाना आमच्या ओसरीवर येऊन बसले. स्काउट असे घरी येतात. पोरगा मैदानाबाहेर कसा आहे हेही क्लबाला कळायला हवे असते. हिने चहा ठेवला. आले घातलेला चहा नानांनी आधी हुंगला, मग प्याला, मग आणखी मागितला. वही उघडली.

"सकाळी किती वाजता उठतो?"

"नवाला."

"सामना नसला तर?"

"तरी नवालाच."

"हरून आल्यावर कसा असतो?"

"हरल्यावर दोन पोळ्या जास्त खातो," ही म्हणाली. नानांनी तेही टिपून घेतले.

मग त्यांनी पेन्सिल थांबवली. "काही दुखतंखुपतं?"

माझ्या डोळ्यांपुढे दादरची आमची चाळ आली. तिथे स्थळाच्या चौकशीला माणसे येत ती शेजारीपाजारी. मुलगी कशी आहे, चालीरीतीला कशी आहे, तब्येत कशी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला लहानपणी छातीचे दुखणे होऊन गेले होते; पूर्ण बरी झाली होती. ते कुणीतरी चौकशीला आलेल्यांना सांगितले, अगदी सहज, चहा पिता पिता. ते लग्न मोडले, पुढचेही मोडले, आणि ती शाळेत शिकवीत त्याच मजल्यावर म्हातारी झाली. माझी आई त्यानंतर चौकशीला येणाऱ्यांना चहा देई, चिवडा देई, आणि म्हणे, "बाकीचं त्यांच्या घरी विचारा." इथे अडचण अशी की बाळूचे त्या वेळचे घर आमचेच होते. शिवाय, खोटे बोलून त्याचा अंगठा काही शाबूत राहणार नव्हता.

मी तोंड उघडण्याआधीच ही म्हणाली, "ज्याचं दुखतं त्यालाच विचारावं."

नानांनी वही मिटली. "मी दोन सामने पाहतोय," ते म्हणाले, "खालचा चेंडू तो मिट उलटं धरून घेतोय. अंगठा वाचवतोय. पिचरांच्याही ते ध्यानात आलं आहे; ते आता चेंडू खाली टाकीतच नाहीत, आणि मग मार खातात. मला दुखणं विचारायचं नव्हतं. घरात कुणाला ठाऊक आहे की पोरगा एकटाच आहे, एवढंच पाहायचं होतं." जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "त्यानं स्वतः प्रशिक्षकाला सांगितलं तर वहीत एक गोष्ट लिहीन. डॉक्टरकडून कळलं तर दुसरी."

संध्याकाळी मी बाळूला सारे सांगितले. नाना काय म्हणाले, पिचर काय करताहेत, सगळे. तो माझ्यावर चिडला नाही, पण जेवला नाही. पिचरांचे त्याला ठाऊक नव्हते. मला वाटते अंगठ्यापेक्षा तेच त्याला जास्त लागले. सकाळी नवाला उठणारा पोरगा साताला उठून गाडी घेऊन गेला. हाड मोडलेले नव्हते. सांध्याचा बंध ताणला होता. हाताला पट्टी, आणि अकरा दिवस खेळणे बंद. निवडक खेळाडूंचा सामना त्याने आमच्याबरोबर घडीच्या खुर्चीत बसून पाहिला. आमच्या पुढच्या रांगेत बावीस स्काउट बसले होते. मी मोजले. त्यांतल्या एकानेही वळून पाहिले नाही. शेवटच्या आठवड्यात तो तीन सामने खेळला, दोन गडी चोरी करताना बाद केले, बॅटने फारसे काही केले नाही, आणि मग आयोवाला गेला. खोलीत हळदीची चादर राहिली.

त्या हिवाळ्यात नानांच्या क्लबाने त्यांना निरोप दिला. आता चेंडूच्या प्रत्येक हालचालीचे चित्र यंत्र घेते, आकडे आपोआप साठतात, आणि गाडीने गावोगाव हिंडणाऱ्या म्हाताऱ्यांची गरज बऱ्याच क्लबांना पूर्वीइतकी वाटत नाही. बाळूबद्दल त्यांनी शेवटी काय लिहिले ते मला कधी दाखवले नाही. ते कुणी उघडून वाचले की नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही.

२०२४ चा ड्राफ्ट १४ ते १६ जुलै असा तीन दिवस चालला. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या, दुसऱ्या दिवशी दहाव्यापर्यंत. ही दोन्ही दिवस संगणकासमोर जपमाळ घेऊन बसली होती. नावे वाचून दाखवणाऱ्या इंग्रजीतले तिला काय कळत होते कोण जाणे, पण 'कॅचर' शब्द आला की माळ थांबे. नाव आले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला म्हटले, "अगं, आता जेवून घे." तेवढ्यात फोन वाजला. पश्चिमेकडच्या एका क्लबाने, ज्याच्या स्काउटाला आम्ही कधी पाहिल्याचेही आठवत नव्हते, शेवटच्या काही फेऱ्यांत त्याचे नाव घेतले होते. नानांच्या जुन्या क्लबाने दोन कॅचर घेतले. त्यांत तो नव्हता.

आता तो मायनर लीगमध्ये आहे. बसमधून फोन करतो. फलंदाजी बेताचीच, पॉप टाइम एक पंच्याण्णवापर्यंत आला म्हणतो. २०२६ च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये नवी सोय झाली आहे: पंचाने चेंडू चुकीचा ठरवला असे वाटले तर पिचर, कॅचर किंवा फलंदाज यांनीच, ताबडतोब, डोक्यावर टिचकी मारून यंत्राकडे दाद मागायची. संघाला सुरुवातीला अशा दोनच दादी. बरोबर ठरली तर ती खर्च होत नाही. प्रशिक्षकाला विचारायला वेळ नाही. बाळू म्हणतो, हे कॅचरचेच काम आहे, चेंडू त्याच्याइतका नीट दुसऱ्या कुणाला दिसत नाही. आणि केव्हा गप्प राहायचे हे पिचरांना कळत नाही, ते प्रत्येक चेंडूला टिचकी मारायला निघतात.

नाना यंदाही उन्हाळ्यात आले. पगार नाही, वही नाही, घडीची खुर्ची मात्र माझ्या शेजारीच. परवा एका नव्या कॅचरने दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकला, तेव्हा त्यांच्या हाताकडे माझे लक्ष गेले. वाकड्या बोटांत स्टॉपवॉच होतेच.

"एक अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले.

"दोन पूर्ण," मी म्हटले.

"तुमचा अंगठा म्हातारा झाला," नाना म्हणाले, आणि त्यांनी हिच्या डब्यातली मटारची करंजी उचलली.